जिलेटिनमधली खरी आणि खोटी भोकं : इन्व्हाडोपोडिया चाचणीच्या प्रकल्प नोंदी

३ जून, ताळगाव

काम ठरलं. स्तनाच्या कर्करोगाच्या एमडीए-एमबी-२३१ पेशी चमकत्या जिलेटिनच्या पातळ थरावर सोडायच्या, त्या खालचा थर कुठे कुठे खातात ते पाहायचं आणि सार्क किनेज (प्रथिनांवर फॉस्फेट लावणारं एक एन्झाइम) रोखल्यावर हे खाणं किती थांबतं ते मोजायचं.

पेशीच्या तळातून आधारद्रव्यात घुसणारे अ‍ॅक्टिनचे खुंट म्हणजे इन्व्हाडोपोडिया; अ‍ॅक्टिन हे पेशीचा सांगाडा बनवणारं तंतुमय प्रथिन. फोकल अ‍ॅड्हीजन (पेशीच्या आधाराला चिकटण्याच्या जागा) मुख्यतः पकड घेतात. इन्व्हाडोपोडियम पकडही घेतं आणि टोकाशी प्रोटिएज (प्रथिनं कापणारी एन्झाइम) आणून समोरचं कापतंही. वेन-तिएन चेन आणि सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सार्कने बदललेल्या फायब्रोब्लास्टखालचा फायब्रोनेक्टिन या आधारप्रथिनाचा थर जागोजागी विरघळलेला दाखवला. इन्व्हाडोपोडिया हे नाव १९८९ चं. आपली चाचणी मुळात तीच, फक्त फायब्रोनेक्टिनच्या जागी जिलेटिन.

मोजणीचा नियम आधीच लिहून ठेवतो, नंतर आकडे पाहून बदलायचा नाही. अ‍ॅक्टिनचा ठिपका, त्याच जागी कॉर्टॅक्टिन (अ‍ॅक्टिनला बांधणारं प्रथिन), आणि बरोबर खाली काळं भोक, अशी तिन्ही जुळली तर ते चालू इन्व्हाडोपोडियम. ठिपका आहे, कॉर्टॅक्टिन आहे, भोक नाही: हा कच्चा ठिपका, वेगळा मोजायचा. नुसतं भोक: पेशी तिथून खाऊन पुढे गेली असेल, नाहीतर ते भोक आपणच पाडलेलं असेल. या दुसऱ्या शक्यतेवर पावसाळ्याचा बराच वेळ जाणार अशी लक्षणं आहेत.

६ जून

काचा धुतल्या. १२ मिलिमीटरच्या गोल कव्हरस्लिप, जाडी क्रमांक १.५, म्हणजे ०.१७ मिलिमीटर, ६३ पटीचं तेलाचं ऑब्जेक्टिव्ह याच जाडीसाठी दुरुस्त केलेलं असतं. २० टक्के नायट्रिक आम्लात ३० मिनिटं, फ्यूम हुडमध्ये. मग डिस्टिल्ड पाण्याचे इतके वॉश की शेवटच्या पाण्याला पीएच पट्टीवर आम्ल दिसू नये. हा टप्पा कंटाळवाणा म्हणून टाळला जातो, आणि मग जिलेटिन कडेपासून साय निघावी तसं सुटतं. काचेवर तेलकटपणा राहिला तर पॉलिलायसिन (वरचा थर धरून ठेवणारा पहिला लेप) एकसारखं बसत नाही, आणि पॉलिलायसिन नाही तिथे वरचं काहीच टिकत नाही.

१० जून

लेप दिला. २४ वेलच्या प्लेटमध्ये प्रत्येक काचेवर पॉली-एल-लायसिन, ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, २० मिनिटं. पीबीएसचे (फॉस्फेटचं खारट बफर) तीन वॉश. प्लेट बर्फावर ठेवून ०.५ टक्के ग्लुटारल्डिहाइड, १५ मिनिटं. पुन्हा थंड पीबीएसचे तीन वॉश, आणि इथे कंजुषी नको: वेलमध्ये ग्लुटारल्डिहाइड उरलं तर पुढचं जिलेटिन काचेवर बसण्याआधी थेंबातच गुठळ्या धरतं.

जिलेटिनचं मिश्रण: ओरेगॉन ग्रीन ४८८ लावलेलं जिलेटिन १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, त्याचा एक भाग; ०.२ टक्के साधं जिलेटिन आठ भाग. १०० मायक्रोलिटर अधिक ८०० मायक्रोलिटर, एवढ्यात २० काचा होतात. दोन्ही ३७ अंशांवर पूर्ण पातळ करून मगच मिसळायची, आणि वापरण्याआधी गरम असतानाच सेंट्रिफ्यूज करून गुठळ्या खाली बसवायच्या. पॅराफिल्मवर ४० मायक्रोलिटरचा थेंब, त्यावर काच पालथी, अंधारात १५ मिनिटं.

बेबिंका (थरावर थर भाजून केलेला गोव्याचा गोड पदार्थ) करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही: खालचा थर धरल्याशिवाय वरचा ओतायचा नाही. फरक इतकाच की इथला सगळा थर मिळून एका मायक्रोमीटरहून बराच पातळ असतो आणि चुकला तर डोळ्याला दिसत नाही.

मग सोडियम बोरोहायड्राइड, ५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, त्याच क्षणी पीबीएसमध्ये विरघळवलेलं, १५ मिनिटं. उरलेले अल्डिहाइडचे गट याने निकामी होतात. ते तसेच राहिले तर पेशींना विष, आणि वर स्वतःही चमकतात. द्रावण फेसाळतं, बुडबुडे काचेखाली शिरतात, काच वर तरंगते आणि हलवाहलवीत उलटते. २० पैकी दोन उलटल्या. कोणती बाजू जिलेटिनची हे नंतर कळणार नाही, म्हणून दोन्ही टाकल्या. पुढच्या वेळी चिमट्याच्या टोकाने काच हळूच दाबून बुडबुडे कडेने सोडायचे. प्लेटचं झाकण या काळात बंद करायचं नाही, हायड्रोजन निघतो.

पीबीएसचे वॉश, ७० टक्के इथेनॉल ३० मिनिटं, मग हुडमध्ये निर्जंतुक पीबीएसचे तीन वॉश आणि सीरमवालं माध्यम घालून ३७ अंशांवर एक तास.

तपासणी: एका काचेवर इंजेक्शनच्या सुईने उभी रेघ ओढली आणि २० पटीखाली पाहिली. हिरव्या पटात काळीभोर, कड धारदार असलेली रेघ. आजूबाजूचा हिरवा एकसारखा, डाग नाहीत. ही रेघ पुढेही कामाची: जिलेटिन अजिबात नाही तिथे कॅमेरा किती उजेड दाखवतो, तो शून्याचा आकडा तिच्यातून मिळतो. प्रत्येक बॅचमधली एक काच याच्यासाठीच.

१७ जून

पहिली फेरी. वेलमध्ये २५,००० पेशी, १२ तास. नियंत्रण म्हणून काही वेलमध्ये जीएम६००१, २५ मायक्रोमोलर. हा मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिएजना (आधारद्रव्य कापणारी एन्झाइम, पुढे एमएमपी) रोखतो. त्या वेलमध्ये भोकं जवळपास नसायला हवीत.

भोकं आहेत. जीएम६००१ मध्येही आहेत. पेशी नाहीत त्या भागातही आहेत, आणि खरं तर ती भोकं नव्हेतच: कड विरलेले, फिकट, ढगाळ पट्टे. इन्व्हाडोपोडियाची भोकं सुईने टोचल्यासारखी असतात; ही पाणी सांडून रंग फिका पडल्यासारखी.

संशय ट्रिप्सिनवर, पेशी प्लेटवरून सोडवायला वापरतात त्या एन्झाइमवर. ट्रिप्सिन सेरीन प्रोटिएज आहे, जीएम६००१ त्याला हातही लावत नाही, आणि जिलेटिन म्हणजे उलगडलेलं कोलॅजन, ट्रिप्सिनला आयतं ताट. पेशी सोडवताना घाईत सेंट्रिफ्यूज न करता नुसतं माध्यम घालून थेट वेलमध्ये सोडल्या होत्या.

१९ जून

पडताळणी. पेशी नसलेल्या काचांवर तीन गोष्टी: नुसतं माध्यम, १७ तारखेसारखं, ट्रिप्सिनमध्ये अपुरं माध्यम घालून केलेलं द्रव, आणि सीरमवालं माध्यम दुप्पट घालून, सेंट्रिफ्यूज करून, गोळी नव्या माध्यमात उचलल्यावरचं द्रव. पहिली आणि तिसरी काच स्वच्छ. दुसरीवर तेच ढग. प्रकरण मिटलं.

यापुढे: ०.०५ टक्के ट्रिप्सिन-ईडीटीए फक्त २ ते ३ मिनिटं, पेशी गोल होऊन सुटू लागल्या की लगेच दहा टक्के सीरमचं माध्यम दुप्पट. सीरममधलं अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ट्रिप्सिनला अडकवतात. मग २०० जी, ५ मिनिटं, वरचं सगळं ओढून टाकायचं. २३१ पेशी तशाही फार चिकट नाहीत, त्यांना ट्रिप्सिनमध्ये ताटकळत ठेवायचं कारण नाही.

२५ जून

पाऊस जोरात. खोलीतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास, भिंतीला ओल.

नव्या बॅचमध्ये दुसऱ्या जातीची भोकं: गोल, मोठी, १० ते ५० मायक्रोमीटरची, कडेला जास्त हिरवी कंगोरी. पेशींचा संबंध नाही, लेप दिल्याबरोबरच दिसतात. कंगोरीवरून उलगडा होतो. जिलेटिन खाल्लं असतं तर ते कमी झालं असतं. इथे ते मधून सरकून कडेला जमलंय. म्हणजे थर बसताना तिथे काहीतरी मध्ये होतं.

दोन कारणं सापडली. पॅराफिल्मवर काच सपाट टाकली की हवा अडकते. काच एका कडेने टेकवून हळूहळू झोपवायची. दुसरं कारण खास इथल्या जूनचं. बर्फावरून काढलेली काच या हवेत उघडी झाली की चिमट्यातच तिच्यावर दव धरतं, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीसारखं. त्या थेंबुट्यांच्या जागी जिलेटिन पातळ होतं, आणि बाकी ठिकाणी थंड काचेला लागताच गोठून गुठळ्या धरतं. मे महिन्यात सरावाला केलेल्या काचांवर हे नव्हतं, तेव्हा एसी सतत चालू होता.

बदल: ग्लुटारल्डिहाइडनंतरचे पहिले दोन वॉश थंड, शेवटचा खोलीच्या तापमानाचा, त्यात ५ मिनिटं. काचेची कड फिल्टर पेपरला टेकवून पाणी ओढायचं. पॅराफिल्म ३७ अंशांच्या गरम फळीवर. कंगोऱ्या गेल्या.

जाता जाता: कन्फोकलच्या ऑब्जेक्टिव्हना बुरशी लागायचा हाच मोसम. सिलिका जेल निळी आहे का गुलाबी, रोज सकाळी पाहायचं.

३० जून

रंगवणी. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड १५ मिनिटं, ०.१ टक्के ट्रायटन ५ मिनिटं, ३ टक्के बीएसएमध्ये अर्धा तास. मिथेनॉलने फिक्स करायचं नाही: फॅलॉइडिन अ‍ॅक्टिनच्या अखंड तंतूवरच बसतं आणि मिथेनॉल ती रचनाच मोडतं. कॉर्टॅक्टिनसाठी उंदराची ४एफ११ अँटिबॉडी, तिच्यावर ६४७ ची दुय्यम, अ‍ॅक्टिनला फॅलॉइडिन ५६८, केंद्रकाला डॅपी. हिरवा जिलेटिनसाठी राखीव. चारही वाहिन्या एकामागून एक स्कॅन करायच्या, एकदम नाही. हिरवा ५६८ मध्ये थोडा जरी झिरपला तर भोकाजवळचा ठिपका खोटा फिका दिसतो.

टीकेएस५ (इन्व्हाडोपोडियाचा ठिपका जागेवर खिळवणारं प्रथिन) हेही रंगवायचं आहे. तिथे अँटिबॉडी प्रथिनाच्या कोणत्या भागावर बसते ते आधी वाचायचं. टीकेएस५ चं लांब रूप पीएक्स डोमेनसह (पटलातल्या लिपिडला धरणारा भाग) येतं, आखूड रूपात तो नसतो. दोन्हींत असणाऱ्या एसएच३ भागावर बसणारी अँटिबॉडी दोन्ही रूपं एकसारखी दाखवणार.

एक पेशी जवळून पाहिली. वरच्या पातळीवर नेहमीचं चित्र: कडेला उसळलेल्या झालरी, त्यांत कॉर्टॅक्टिन भरपूर. फोकस खाली खाली आणत काचेला टेकवला तशा झालरी गेल्या आणि केंद्रकाच्या खाली, जरा एका बाजूला, अ‍ॅक्टिनचे घट्ट ठिपके वर आले, प्रत्येक अर्धा ते एक मायक्रोमीटर, सात-आठ एकाच घोळक्यात. तिथेच कॉर्टॅक्टिन. हिरव्यात तिथेच टाचणीच्या टोकाएवढी काळी भोकं, दोन ठिकाणी एकमेकांत मिसळलेली. कडेच्या लांबट फोकल अ‍ॅड्हीजनखाली हिरवा थर शाबूत. झालरीतला कॉर्टॅक्टिन इन्व्हाडोपोडियात मोजला जाण्याची चूक फार सोपी आहे. सगळ्या पातळ्या एकावर एक दाबून केलेल्या चित्रावर मोजणी करायचीच नाही, फक्त तळाच्या पातळीवर.

५ जुलै

औषधं टाकण्याआधी कोणतं औषध साखळीत कुठे लागतं ते स्पष्ट हवं, नाहीतर निकाल आला तरी वाचता येणार नाही.

सुरुवात बहुधा वाढघटकाने, ईजीएफ किंवा पीडीजीएफने. पीआय३-किनेज पटलात पीआयपी३ हे लिपिड बनवतं, शिप२ हे एन्झाइम त्यातला एक फॉस्फेट काढून पीआय(३,४)पी२ करतं. दरम्यान कॉर्टॅक्टिन, एन-वास्प, कोफिलिन आणि अ‍ॅक्टिन यांचा कच्चा ठिपका आधीच जमलेला असतो. टीकेएस५ चा पीएक्स डोमेन पीआय(३,४)पी२ ला धरतो आणि ठिपका जागेवर खिळतो. टीकेएस५ नसेल तर ठिपके येतात आणि विरतात. मग सार्क गटाची किनेजं कॉर्टॅक्टिनच्या टायरोसिन ४२१ आणि ४६६ वर (उंदराच्या प्रथिनातले क्रमांक) फॉस्फेट लावतात. त्यावर एनसीके१ येतं, एन-वास्पमार्फत एआरपी२/३ जागं होतं आणि तंतूंना फांद्या फुटू लागतात. त्याच सुमारास एनएचई१ हा पंप तिथला पीएच किंचित वाढवतो, कॉर्टॅक्टिनला बांधलेलं कोफिलिन सुटतं आणि जुने तंतू तोडून वाढीसाठी नवी टोकं उघडी करतं. तोडल्याशिवाय वाढ नाही, हे पहिल्यांदा वाचताना उलटं वाटतं.

कापायची हत्यारं यानंतर येतात. एमटी१-एमएमपी हे पटलात रुतलेलं प्रोटिएज. गॉल्जीतून निघतानाच फ्यूरिन त्याचा बंद करणारा तुकडा छाटतो, म्हणजे पृष्ठभागावर ते धार लावूनच येतं. पुटिकांतून, एक्सोसिस्ट आणि व्हॅम्प७ या वाहतुकीच्या प्रथिनांच्या मदतीने, ते ठिपक्याच्या टोकाशी उतरवलं जातं. ते स्वतः कापतंच, शिवाय एमएमपी२ लाही जागं करतं. त्यासाठी टिम्प२ (एरवी एमएमपींना रोखणारं प्रथिन) हा मधला दुवा लागतो: एक एमटी१-एमएमपी टिम्प२ ला धरतं, टिम्प२ निष्क्रिय एमएमपी२ ला धरतं, आणि शेजारचं मोकळं एमटी१-एमएमपी त्याला कापून चालू करतं. टिम्प२ फार झालं तर मोकळं कुणी उरतच नाही आणि सगळं थांबतं. थोडं असलं तर चालक, जास्त झालं तर ब्रेक.

लांब, जुन्या इन्व्हाडोपोडियात पुढे सूक्ष्मनलिका आणि व्हिमेंटिनही शिरतात. आपल्या पातळ थरात तितकं लांब व्हायला जागाच नाही, खाली काच आहे. त्यामुळे खोली किंवा लांबी याबद्दल या चाचणीवरून काहीही म्हणायचं नाही.

१२ जुलै

औषधांची फेरी. डीएमएसओ (औषधं ज्यात विरघळवतात ते द्रावक) ०.१ टक्का, सार्क रोखणारं पीपी२ १० मायक्रोमोलर, पीपी३ तेवढंच, हा पीपी२ चा सार्कला न रोखणारा जोडीदार, डॅसाटिनिब (हेही सार्क रोखतं) १०० नॅनोमोलर, जीएम६००१ २५ मायक्रोमोलर. सगळे स्टॉक हजारपट बनवले की प्रत्येक वेलमध्ये डीएमएसओ आपोआप सारखंच पडतं आणि वेगळी जुळवाजुळव उरत नाही.

अपेक्षा होती तसं. पीपी२ आणि डॅसाटिनिबखाली ठिपकेही कमी, भोकंही कमी. जीएम६००१ खाली ठिपके जागेवर, कॉर्टॅक्टिनही जागेवर, पण हिरवा थर शाबूत. पीपी३ चं चित्र डीएमएसओसारखं. ही फेरी चालली असं म्हणायचं ते या जोडीमुळे: एक औषध खुंटच उभा राहू देत नाही, दुसरं खुंट ठेवतं आणि फक्त धार काढून घेतं. दोन्ही चित्रं सारखी दिसली असती तर पेशी मरताहेत किंवा थरच खराब आहे, असं मानून पुन्हा मागे जावं लागलं असतं.

एक फसवी जागा. डॅसाटिनिबमध्ये पेशींचं पसरणंच बदलतं. भोकांचं क्षेत्र पेशीच्या क्षेत्राने भागलं की पेशी आकसल्यामुळे भागाकार फुगतो आणि परिणाम आहे त्याहून लहान दिसतो. म्हणून दोन्ही आकडे ठेवतो, पेशीच्या क्षेत्रामागे आणि केंद्रकामागे.

१९ जुलै

एकाच वेळी सुरुवात करून पाहायचं होतं: रात्रभर जीएम६००१, सकाळी गरम माध्यमाचे तीन वॉश, आणि ०, १, २, ४ तासांना फिक्स. औषध असेपर्यंत ठिपके बनतात पण कापत नाहीत. धुतलं की बहुतेक एकदम कामाला लागतात.

दुसऱ्या तासाच्या आधी वीज गेली. इन्व्हर्टरवर इन्क्युबेटर नाही. तो ३७ वरून घसरला, पुटिकांची वाहतूक तापमानाबरोबर मंदावते, म्हणून २ आणि ४ तासांच्या काचा वेळेच्या हिशेबातून बाद. ० आणि १ तासाच्या ठेवल्या. पुढची फेरी दोन दिवसांनी, पेशींच्या माध्यमात २५ मिलिमोलर हेपीस बफर घालून, म्हणजे कार्बन डायऑक्साइड थोडा वेळ गेला तरी पीएच टिकेल. कुणी एल-१५ माध्यम सुचवलं होतं. ते साध्या हवेसाठी आहे, कार्बन डायऑक्साइडच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवलं तर आंबट होतं. नको.

२ ऑगस्ट

मोजणी, फिजी या चित्रं मोजण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये. फील्ड निवडताना फक्त डॅपी वाहिनी पाहायची. हिरवी वाहिनी उघडी ठेवून फील्ड निवडलं की नजर आपोआप भोकांकडे जाते, कितीही प्रामाणिक माणूस असो. प्रत्येक काचेची २० फील्ड. फायलींना सांकेतिक नावं मोजणाऱ्याने नाही, दुसऱ्याने दिली.

हिरव्या वाहिनीत उजेड मध्ये जास्त, कोपऱ्यात कमी. यासाठी रोलिंग बॉल (पार्श्वभूमी वजा करायची फिजीतली रीत) वापरू नये: चेंडू लहान घेतला तर भोकांभोवतीच्या विरळ झालेल्या मोठ्या भागालाच तो पार्श्वभूमी समजतो आणि खाल्लेला भाग परत भरून टाकतो. त्याऐवजी पेशी नसलेल्या दहा फील्डची सरासरी काढली आणि प्रत्येक चित्राला तिने भागलं. मग गॉसियन ब्लर एक पिक्सेल. थ्रेशोल्ड (किती काळं झालं की भोक मानायचं ती मर्यादा) जीएम६००१ च्या काचांवर असा ठरवला की तिथे जवळपास काही धरलं जाणार नाही, आणि त्या बॅचच्या सगळ्या चित्रांना तोच. चित्रागणिक थ्रेशोल्ड हलवणं म्हणजे तराजूवर बोट ठेवणं. एक पिक्सेल ०.१ मायक्रोमीटर; २० पिक्सेलपेक्षा लहान काही मोजलं नाही, म्हणजे ०.२ चौरस मायक्रोमीटर.

दोन ठिकाणी भोक म्हणून धरलेली गोष्ट प्रत्यक्षात फाट होती: पेशीने थर ओढून चुरगळलेला, एका बाजूला काळं आणि लगेच शेजारी हिरव्याची घडी. काळ्याला लागून जास्त उजळ पट्टी दिसली की ती ओढाताण, कापणं नव्हे. हाताने वगळल्या, वहीत फाइल क्रमांकासह. एका चित्रात काटकोन चौकोन काळवंडलेला. तिथे आधी झूम करून बराच वेळ स्कॅन केलं होतं, रंग उडाला. पेशी काटकोनात खात नाहीत.

सांख्यिकीत एकक म्हणजे स्वतंत्र फेरी, पेशी नव्हे. तीन फेऱ्या म्हणजे तीन.

९ ऑगस्ट

तुलनेसाठी रक्तपेशींच्या वंशातल्या टीएचपी-१ पेशी, पीएमए देऊन मॅक्रोफेजसारख्या केलेल्या. यांचे पोडोसोम नात्याने जवळचे, वागायला वेगळे. अ‍ॅक्टिनचा गाभा आणि त्याभोवती व्हिन्क्युलिनचं स्पष्ट कडं. २३१ च्या ठिपक्यांभोवती असं नीट कडं दिसत नाही. पोडोसोम मिनिटांत येतात-जातात, इन्व्हाडोपोडिया तासन्‌तास टिकू शकतात. शिवाय रक्तपेशींच्या वंशात एन-वास्पचं काम मुख्यतः वास्प करतं. विस्कॉट-आल्ड्रिच आजारात वास्प बिघडतं आणि त्या रुग्णांच्या मॅक्रोफेजमध्ये पोडोसोम बनत नाहीत. टीकेएस५ चा भाऊ टीकेएस४ बिघडला तर फ्रँक-टेर हार आजार होतो, हाडांचा आणि हृदयाचा. म्हणजे ही यंत्रणा कर्करोगाने शोधलेली नाही, शरीराची स्वतःचीच आहे. पोस्टरवर या दोन ओळी हव्यात.

२२ ऑगस्ट

चवथीच्या सुटीआधी आवराआवर. स्लाइड अंधाऱ्या डब्यात, ४ अंशांवर, सिलिकाच्या पुडीसह. उरलेलं चमकतं जिलेटिन लहान नळ्यांत वाटून फॉइलमध्ये. पुन्हा पुन्हा गरम-थंड केलं की गुठळ्या वाढतात. पेशींची मायकोप्लाझ्मा तपासणी झाली, मायकोप्लाझ्मा नाही. दोन नळ्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये.

१७ जूनची चित्रं मोजणीत नाहीत: थर ट्रिप्सिनने विरलेला आणि कॉर्टॅक्टिन रंगवलेलंच नव्हतं. फोल्डर पुसलेलं नाही. ‘ट्रिप्सिन’ या नावाने, शेजारी २५ जूनचं ‘दव’, १९ जुलैचं ‘वीज’ आणि काटकोनाचं ‘ब्लीच’. नव्याने कुणी काचा करायला बसलं की आधी ही चार फोल्डर उघडायची, मग सुई घेऊन रेघ ओढायची.